धावत्या बैलांच्या मुलखात बसायचं काम

मागच्या चैत्रात मी दोन दिवस मंचर, नारायणगाव, जुन्नर या बाजूला फिरून आलो. तिथल्या मासवडीबद्दल आणि बैलगाड्यांबद्दल मी आमच्या सोसायटीच्या बाकावर इतकं बोललो, की लोक मला लांबून पाहून दुसऱ्या बाकावर जाऊ लागले. पण त्या प्रवासात माझ्या मनात काय चाललं होतं ते मी कुणालाच सांगितलं नाही. ते सांगायचं तर आधीची एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी कितीतरी वर्षं टाळत आलोय. आता टाळायलाही फारशी वर्षं शिल्लक नाहीत, म्हणून सगळं ओळीनं लिहून टाकतो.

माझी नात मुग्धा पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. सुटीच्या दिवशी ती आणि तिच्या मैत्रिणी गावोगावच्या शाळांत जातात आणि कॉम्प्युटरचं काम म्हणजे नेमकं काय, हे मुलांना सांगतात. मुलांच्या मनात, आणि त्याहून जास्त आईबापांच्या मनात, त्या कामाचं चित्र विचित्र असतं. जाड चष्मा, वाकलेली पाठ, थंडगार खोली आणि माणसांशी फारकत. त्या खेपेला तिच्या मैत्रिणीला ऐन वेळी ताप आला. मुग्धा म्हणाली, "आजोबा, तुम्ही चला. त्या बाजूला तुम्ही शिकवलंय, ओळखी असतील."

ओळखी होत्या. तेच तर दुखणं होतं.

मला एक खोड आहे. भीती वाटली की मला हसू येतं. लग्नात अक्षता पडताना मी हसत होतो, निवृत्तीच्या भाषणात हसत होतो. त्या सकाळी मागच्या सीटवर लॅपटॉप, पडद्याची गुंडाळी आणि चिवड्याचा डबा घेऊन आम्ही निघालो तेव्हा मी चाकणपर्यंत हसत होतो. रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होतो. खेडच्या पुढे तर मी गाणं म्हटलं. मुग्धानं काच खाली केली आणि ट्रकवाल्यांची माफी मागितल्यासारखा चेहरा केला.

मंचरला चहाला थांबलो. चहावाल्यानं गाडीत डोकावून विचारलं, "पावणं, गुंडाळी कसली? शिनेमा दाखवताय का?"

"नाही काका. शाळेत कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांची माहिती देतो आम्ही," मुग्धा म्हणाली.

"म्हंजी बसायचं काम." त्यानं गाळणी आपटली आणि शेजारच्या बाकाकडे बघून विचारलं, "मुलगा काय करतो?"

बाकावरचे तिघंही एका सुरात म्हणाले, "बसतो."

"बसून?"

"बसून राहतो."

"आन पगार?"

"बसल्याचाच!"

सगळे खो खो हसले. मुग्धाही हसली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे काय आहे आजोबा? मागच्या महिन्यात आळेफाट्यालाही कुणीतरी असंच म्हणालं." मी चहात बिस्किट बुडवलं. ते बुडालं ते वर आलंच नाही.

ही ओळ माझी आहे.

या भागातल्या एका शाळेत मी मराठी शिकवत होतो. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला स्वतंत्र खोली मिळाली, पडदे मिळाले, आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम झाला. मुख्याध्यापकांनी खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकदा वर्गाला दाखवायला म्हणून घेऊन गेलो तर ते यंत्र चालूच होईना. मी थापट्या मारल्या, पडदे उघडले, शेवटी गंभीरपणे सांगितलं की यंत्र बिघडलंय, तालुक्याहून माणूस येईल. तेव्हा दहावीतला विष्णू पुढे आला. अगदी अदबीनं म्हणाला, "सर, बिघडलं न्हाई. भिंतीवरचं बटण बंद हाय." त्यानं बटण दाबलं. यंत्र उजळलं आणि वर्ग हसत सुटला.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला मी एक विनोदी नाटुकलं लिहिलं. त्यात मुलगी पाहायला आलेला एक कॉम्प्युटरवाला नवरदेव होता. त्याला पोतं उचलवत नाही, उन्हात चक्कर येते, आणि त्याची बोलणी वरच्या ओळींवर मोडतात. नवरदेवाला मी नाव दिलं होतं बशा. बशा म्हणजे चालता चालता मध्येच फतकल मारणारा बैल. शहरात हा शब्द कुणाला लागणार नाही. पण ज्या मुलखात घरच्या माणसाआधी शर्यतीच्या बैलाला अंडी आणि दूध मिळतं, तिथे यापेक्षा वाईट शिवी नाही. नवरदेव भांग पाडायचा तसाच, विष्णू पाडायचा तसा. बोलायचाही तसाच, अदबीनं. नाटुकलं इतकं गाजलं, की पुढे दोन यात्रांत झालं. विष्णूला सगळं गाव बशा म्हणू लागलं. त्याला पुण्याला जाऊन कॉम्प्युटर शिकायचं होतं. दहावीनंतर तो त्या खोलीकडे फिरकलाही नाही. कुणी विचारलं तर मी सांगत आलो, की ती एक निरागस गंमत होती. ती गंमत नव्हती. ते बटणाचं उत्तर होतं.

यातलं एक अक्षरही मी मुग्धाला सांगितलं नाही. चहाचे पैसे मात्र हट्टानं मी दिले.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटचे डोंगर लागले होते. तिथून आम्ही खोडदच्या रस्त्याला वळलो. शेतांच्या पलीकडे त्या प्रचंड दुर्बिणीच्या तबकड्या दिसायला लागल्या. कांद्याच्या वावरांमागे आभाळाकडे तोंड करून उभ्या, जणू कुणी राक्षसानं चाळण्या धुऊन वाळत घातल्यात. आम्ही पाहत असतानाच त्या सगळ्या सावकाश एका बाजूला वळल्या. बांधावर कांदे भरणाऱ्या बाईंना मी विचारलं, "काय ऐकतात हो या?"

"आभाळाचं ऐकत्यात," त्या म्हणाल्या. "आमचं ऐकाया कुणाला येळ हाय?"

मुग्धा खूश झाली. तिच्या मनात आलं, की मुलांना हेच सांगावं. आभाळातून येतो तो सगळा गोंगाट, त्यातून कामाचं निवडणं हे कॉम्प्युटरचंच काम. बाईंनी आम्हाला कांद्याची पात दिली. ती पुढे दोन दिवस गाडीत दरवळत राहिली.

शाळेतला कार्यक्रम मात्र सपशेल पडला. मुग्धा सुरेख बोलली. पण पडद्यावर काचेच्या इमारती आणि कानाला यंत्र लावून हसणारी माणसं होती, आणि मुलं त्यांच्याकडे पाहुण्यांच्या लग्नाचा अल्बम बघावा तशी बघत होती. प्रश्न विचारा म्हटल्यावर एक जण उठला. "ताई, दिवसभर बसून पाय आखडल्यावर उसातून बिबट्या आला तर पळता येतं का?" मागून आवाज आला, "पगार बसल्याचाच!" शिक्षकसुद्धा हसले. यातला एकही मुलगा त्या नाटुकल्याच्या वेळी जन्मलेला नव्हता. मी पडद्याची गुंडाळी करायला घेतली आणि स्वतःच तिच्यात गुरफटलो.

सगळे गेल्यावर एक मुलगी थांबली. ऋतुजा तिचं नाव. बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. तिला कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचं होतं, मार्कही चांगले पडायचे, पण वडील ऐकत नव्हते.

"दुसरं काहीही कर म्हणत्यात. नर्स हो, शेतीचं शिक. पण बसायचं काम न्हाई म्हंजी न्हाई. कॉम्प्युटरचं नाव काढलं की जेवणावरून उठत्यात. ताई, तुमी एकदा बोला ना त्यांच्याशी."

"कुठे भेटतील?" मुग्धानं विचारलं.

"आज यात्रा हाय. ते घाटावर असत्यात. बैलगाड्यांचं माइकवर तेच बोलत्यात. विष्णू अलाउन्सर म्हटलं की कुणीबी दाखवील."

मी पुन्हा हसायला लागलो. मुग्धानं मला पाण्याची बाटली दिली.

यात्रेचं गाव येडगावच्या धरणाच्या अलीकडे होतं. गावाचं नाव लिहीत नाही, विष्णूला अजून तिथे राहायचंय. घाट म्हणजे बैलगाडा पळवायची चढाची धावपट्टी, आणि गाड्याची एक धाव म्हणजे बारी. दोन्ही कडांना माणसांच्या भिंती, हवेत पिवळा भंडारा, उसाच्या रसाच्या गाड्या, आणि या सगळ्यावर पसरलेला एक आवाज. तो आवाज थांबत नव्हता. "आला, आला, आला... उचल की टाक... भिर्रर्र... झाली!" प्रत्येक बैलाचं नाव, त्याच्या मालकाचं नाव, मालकाच्या आजोबांचं नाव. मंचावर पांढऱ्या टोपीतला एक भरदार माणूस एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत बोलत होता. शेजारी खुर्ची होती. तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवलेला होता. तो माणूस दिवसभर एकदाही बसला नाही.

त्यानं मला माइकवरच ओळखलं. "मंडळी, आपल्यात आमचे सर आल्यात! वाट द्या!" मंचावर जाताच त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात खाली बोंब झाली.

घाटाच्या माथ्यावर शर्यतीचं घड्याळ होतं, दोन बाजूंना खांब लावलेलं. खांबांमधून उजेडाच्या न दिसणाऱ्या रेघा जातात. खाली बैलानं रेघ तोडली की घड्याळ सुरू, माथ्यावर तोडली की बंद. आत्ता झालेल्या बारीची वेळ फलकावर सहा सेकंद लागली होती. एवढ्यात तर बैल अर्ध्या घाटातही येत नाही. मालक जीपच्या टपावर नाचत होता.

"देवाची कृपा हाय," तो ओरडला.

"देवाला बी सहा सेकंदात जमायचं न्हाई," दुसरा मालक म्हणाला. "त्यो बी गाडा घिऊनच यील ना."

बाह्या सरसावल्या. भाड्यानं आणलेल्या घड्याळाच्या माणसानं हात वर केले, चालू-बंद करण्यापलीकडे त्याला काही ठाऊक नव्हतं. यात्रेच्या मंडळींनी बाऱ्या थांबवल्या. तेव्हा मुग्धा पुढे झाली आणि तिनं लॅपटॉप त्या यंत्राला जोडला. बघता बघता तिच्याभोवती कडं झालं. सकाळी जांभया देणारी तीच मुलं आता एकमेकांच्या खांद्यावर चढत होती.

माथ्यावरच्या खांबात दोन रेघा होत्या, एक बैलाच्या मानेइतकी वर आणि एक गुडघ्याइतकी खाली. यातली कुठलीही तुटली की घड्याळ थांबायचं. ऋतुजा म्हणाली, "ताई, हा भंडारा हाय. लोक बैल यायच्या आधीच उधळत्यात. तो वरून पडतो, म्हणून मानेची रेघ आधी तुटते. बैल आला की दोन्ही एकदम तुटतील."

"मग दोन्ही एकदम तुटल्याशिवाय थांबायचं नाही, असं आपण त्याला सांगू," मुग्धा म्हणाली आणि लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. "तूच लिही. मी बघते."

ऋतुजा घाटाच्या कडेला मातीत मांडी घालून बसली. पहिल्यांदा तिचं काहीतरी चुकलं. बैल आला, गेला, सोडला, पाणी प्यायला, तरी घड्याळ पळतच होतं. विष्णू माइकवर म्हणाला, "मंडळी, आज घड्याळ बी बैलामागं गेलंय. सापडलं की कळवा." लोक हसले आणि भांडण निम्मं विझलं. लिहिणारी आपली मुलगी आहे हे त्याला मंचावरून दिसत होतं. त्याचा आवाज थोडा चिरकला, पण थांबला नाही.

दुसऱ्या खेपेला ऋतुजा म्हणाली, "बघा आता. पण पुन्हा बैल नको. आधी माणूस पळवा."

माणूस कोण, यावर चर्चा झाली. मी हसत होतो, म्हणून सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. माझं वय लिहीत नाही, डॉक्टर हे वाचतात. मला घाटाच्या शेवटच्या टप्प्यावर उभं केलं, खालच्या खांबापाशी कुणीतरी घड्याळ सुरू केलं, आणि विष्णूनं माझी बारी पुकारली. "सुटले, सुटले... आमचे मराठीचे सर सुटले... धोतराची जोडी न्हाई, पँटीची बारी हाय..." दोन्ही बाजूंनी माझ्यावर भंडारा पडला. मी पळालो. खरंच पळालो. शाळेतली मुलं कडेनं माझ्याबरोबर पळत होती. भंडारा डोळ्यात, नाकात, हसताना उघडलेल्या तोंडात.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आरं, बशा पळतोय का काय!"

माइक गप्प झाला. दिवसभरात पहिल्यांदा. मग विष्णू सावकाश म्हणाला, "आमचे सर हायेत ते. असलं नाव त्यांना ठेवायचं न्हाई. कुणालाच ठेवायचं न्हाई."

आणि लगेच, "भिर्रर्र!"

मी खांबांमधून गेलो आणि घड्याळ थांबलं. भंडाऱ्यानं थांबलं नव्हतं, माझ्यानं थांबलं. माझी वेळ फलकावर लागली, ती बैलांना दाखवू नये अशी होती. मुलांनी मला उचलून घेतलं. मी रडत होतो, पण पिवळ्या तोंडावर कुणाला कळलं नाही.

मग त्या जीपवाल्याची बारी पुन्हा झाली. वेळ इतरांसारखीच आली, आणि कुणी भांडलं नाही. मंचावर विष्णूनं माइक दोन्ही हातांनी धरला. "मंडळी, एक सांगा. मुलगी काय करती?"

सवयीनं अख्खा घाट गरजला, "बसती!"

"बसती. मातीत बसली होती आत्ता. आन ती बसली म्हणून आज कोण किती पळालं हे आपल्याला खरं कळलं. माझी पोरगी हाय ती."

त्यानंतर मुग्धाला तासभर कुणी उठू दिलं नाही. बिबट्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला बिबट्या आला की मोबाईलवर कळवणारं काही करता येईल का ते हवं होतं. दुसऱ्याला टोमॅटोचा भाव. काचेच्या इमारतींचं नाव कुणी काढलं नाही.

रात्री विष्णूच्या घरी जेवलो. मासवडी होती (बेसनाच्या पातळ पोळीत तीळ, खोबरं, लसूण भरून केलेली वडी, नावात मास पण मांसाचा पत्ता नाही), तिखटजाळ रस्सा आणि बाजरीची भाकरी. विष्णूचा आवाज पार बसला होता, यात्रेनंतर दोन दिवस तो असाच मुका असतो म्हणे. मी घास गिळून "विष्णू, ते नाटक..." एवढं म्हटलं की त्याची बायको पानात आणखी वडी वाढायची. "घ्या सर. लाजताय काय राव." तोंडात मासवडी असताना माफी मागता येत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

हात धुताना विष्णू माझ्या कानाशी आला. फुसफुसत म्हणाला, "सर, पोरीचं काय करू? तुमी सांगा. तुमी म्हणाल तसं."

त्यानं अजून मलाच विचारावं, याचं मला नवल वाटलं. मी म्हटलं, "पाठव."

त्यानं मान डोलावली. झालं, ठरलं. इतक्या वर्षांत मला एक बरोबर शब्द बोलता आला, तो एवढाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेण्याद्रीला गेलो. मुग्धा आणि ऋतुजा कधीच वर पोचल्या होत्या. मागे मी आणि विष्णू. पायऱ्यांवर मी बोलायचं ठरवलं होतं, पण त्याला आवाज नव्हता आणि मला दम नव्हता. तो माझा दंड धरून मला चढवत होता, प्रत्येक वळणावर थांबत होता. वर लेण्यांच्या सावलीत बसलो तेव्हा दम परत आला. खाली सगळा मुलूख उन्हात पसरला होता. जवळ कुणीच नव्हतं. विष्णू माझ्याकडे बघत होता, वाट बघावी तसा.

मी म्हटलं, "माकडं फार झालीत रे इथे."

त्यानं हसून होकार दिला.

परतताना मुग्धानं गाडीत विचारलं, "आजोबा, गप्प का?" मी पाय दुखतात म्हणालो, तेही खरं होतं. ऋतुजा आता पुण्याला शिकते, कधी रविवारी आमच्याकडे जेवायला येते आणि तिच्या मैत्रिणींना सांगते की या आजोबांना मी बैलासारखं पळवलंय. सगळे हसतात, मीही हसतो. विष्णूचा फोन येतो. मी बैलांची चौकशी करतो, आवाज कसा आहे विचारतो आणि फोन ठेवतो. इतक्या लांब, इतक्या आनंदाच्या प्रवासात मला फक्त एवढं बोलायचं होतं :

विष्णू, यंत्र बिघडलेलं नव्हतं. बटण बंद होतं. तू बरोबर सांगितलं होतंस, आणि मला ते सहन झालं नाही. माझं चुकलं.